मिरची गल्ली ते बोर्दो : लाल वाइनचं मिश्रण आणि त्यामागचं शेत

(शीव येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली लय शक्य तिथे तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्याकडे दोन प्रकारची विचारणा झाली. पहिली, ‘चाखायला मिळणार का?’ आणि दुसरी, ‘व्याख्यानमालेत हा विषय कशाला?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मिळणार नाही. टेबलावर वाट्या मांडल्या आहेत, त्यांत काळी मिरी आहे, लवंग आहे, आमसुलाचं पाणी आहे, कोरा चहा आहे, हिरव्या ढोबळी मिरचीचे काप आहेत. आजचं काम एवढ्यावर भागेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हे अख्खं व्याख्यान. तरी आधीच एक सांगून टाकतो : वाइन म्हणजे दारू नव्हे, असला युक्तिवाद आम्ही करणार नाही. लाल वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, आणि ते शरीराला जे करायचं ते करतंच. कुणी प्यावी म्हणून आम्ही बोलत नाही. पण ज्या द्राक्षाची ती होते, ते द्राक्ष इथून चार-पाच तासांवर आपल्याच शेतकऱ्याच्या बागेत लागतं. त्याचा हिशेब समजायचा तर ही चव कशी घडते ते समजलं पाहिजे.

फ्रान्सची सगळ्यात प्रसिद्ध लाल वाइन, म्हणजे बोर्दोची, बहुतेक वेळा एका द्राक्षाची नसते. दोन, तीन, कधी पाच वाणांचं ते मिश्रण असतं. आपल्याकडे ‘मिश्रण’ म्हटलं की पहिला शब्द आठवतो भेसळ. दुधात पाणी, हळदीत पिवळी माती. त्यामुळे दुकानात लेबलावर दोन द्राक्षांची नावं दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, ‘हे मिक्स आहे, प्युअर दाखवा.’ या समजुतीपासून सुरुवात करू.

लालबागचा हिशेब

मार्च-एप्रिलमध्ये लालबागच्या मिरची गल्लीत गेलात तर काय दिसतं? वर्षाचा मसाला करायला आलेल्या बायका एकाच जातीची मिरची कधी घेत नाहीत. ब्याडगी घेतात ती रंगाला. तिला तिखटपणा बेताचा. लवंगी किंवा संकेश्वरी घेतात ती झणझणीतपणाला. काश्मिरी घेतली तर पुन्हा रंगासाठीच. नुसत्या लवंगीचा मसाला खाववणार नाही आणि नुसत्या ब्याडगीची आमटी दिसायला लालभडक, पण जिभेला फिकी. कुठली किती, हे प्रमाण घराघरांचं वेगळं असतं आणि सासूकडून सुनेकडे जातं. याला कुणी भेसळ म्हणत नाही. उलट ज्या घराचं प्रमाण जमलेलं असतं, त्या घरच्या मसाल्याचं नाव होतं.

बोर्दोत हेच चालतं, आणि तिथे त्याला ‘असांब्लाज’ म्हणतात, म्हणजे जुळणी. तिथल्या मिरच्यांची ओळख करून घेऊ.

पहिला वाण काबेर्ने सोव्हिन्यों. आपले शेतकरी त्याला ‘कॅबरनेट’ म्हणतात. बारीक मणी, जाड साल, मोठ्या बिया. द्राक्षाचा रस जवळजवळ बिनरंगी असतो. वाइनचा लाल रंग सालीतून उतरतो. साल जाड, मणी लहान, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून रंग गडद आणि तुरटपणा भरपूर.

या तुरटपणाशी थोडं थांबू, कारण लाल वाइनचा सांगाडाच तो आहे. ज्याला शास्त्रात टॅनिन म्हणतात ते तुम्ही जांभळात, आवळ्यात, सुपारीत, कोऱ्या चहात रोज भेटता. आपल्याकडे सहा रसांत ‘कषाय’ हा स्वतंत्र रस मानला आहे. खरं तर तुरटपणा ही जिभेची चव कमी आणि स्पर्श जास्त. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड आवळल्यासारखं होतं. चहात दूध घातलं की तुरटपणा का जातो? टॅनिन दुधातल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेच्या वाटेला कमी येतं. म्हणूनच तुरट लाल वाइन चीज किंवा मटणाबरोबर मऊ लागते.

काबेर्नेचा वास. पुस्तकात लिहिलेलं असतं ‘ब्लॅककरंट’. आपल्यापैकी किती जणांनी ते फळ खाल्लंय? आम्ही सुचवू की पिकलेलं करवंद आणि जांभूळ मनात आणा, फार चुकणार नाही. दुसरा वास ‘देवदार’ असा लिहितात. शार्पनरमधून निघालेला पेन्सिलीचा भुगा आठवा, तोच तो. आणि तिसरा, या वाटीतली ढोबळी मिरची. ती हुंगून बघा. द्राक्ष पुरतं पिकलं नाही किंवा घडांना ऊन कमी मिळालं, तर काबेर्नेत हा हिरवा वास राहतो. पायराझिन नावाचं द्रव्य दोन्हींत एकच आहे. थोडं असेल तर ताजेपणा वाटतो, जास्त झालं तर कच्ची भाजी.

दुसरा वाण मेर्लो. साल पातळ, मणी मोठा, पिकतो आधी. चव गोलसर, आलुबुखारासारखी, तुरटपणा मवाळ. नुसत्या काबेर्नेचा घोट घेतला तर सुरुवात जोरात होते, शेवट लांब रेंगाळतो, पण मध्ये काहीतरी रिकामं वाटतं. ती मधली जागा मेर्लो भरतो.

तिसरा काबेर्ने फ्रां. हा सुगंधाचा मानकरी. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी डीएनए तपासून दाखवलं की काबेर्ने सोव्हिन्यों हे काबेर्ने फ्रां आणि पांढऱ्या सोव्हिन्यों ब्लां यांचं मूल आहे. म्हणजे मिश्रणात बाप-लेक शेजारी बसतात म्हणा ना. चौथा पती व्हर्दो. फार उशिरा पिकणारा, काळाकुट्ट, तुरट. आमटीतल्या हिंगासारखा, दोन-तीन टक्के पुरे. पाचवा मालबेक, जो आता अर्जेंटिनात जास्त नांदतो.

ही जुळणी होते कशी? प्रत्येक तुकड्यातली द्राक्षं वेगळी तोडतात, वेगळ्या टाकीत आंबवतात. हिवाळ्यात वाइन करणारा माणूस मोजपात्र घेऊन बसतो. साठ टक्के ही, तीस ती, दहा ती. चाखायचं, थुंकायचं, पुन्हा मोजायचं. मग ती वाइन ओकच्या पिंपात मुरते. बोर्दोचं पिंप २२५ लिटरचं. लाकूड आतून शेकलेलं असतं. त्यातून व्हॅनिलाचा वास येतो, लवंगेचा येतो (लवंगेतलं युजेनॉल त्या लाकडातही असतं), काही जातींच्या लाकडातून चक्क खोबऱ्याचा येतो. तेव्हा ‘या वाइनमध्ये लवंग घातली का हो?’ असं कुणी विचारलं तर हसू नका. नाक बरोबर सांगतंय.

शीव म्हणजे हद्द

आता आपण बसलो आहोत त्या गावाच्या नावाकडे येऊ. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट इथे संपायचं आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची. फ्रान्सच्या वाइनचा कायदा समजायला हा एक शब्द पुरेसा आहे. बोर्दोच्या बाटलीवर बहुधा द्राक्षाचं नाव नसतं, शिवेचं असतं. अमुक हद्दीत, अमुक वाणांतून, अमुक पद्धतीने केली तरच ते नाव लावता येतं.

बोर्दोतली मुख्य शीव म्हणजे नदी. गारोन आणि दोर्दोन्य अशा दोन नद्या येतात, मिळून जिरोंदची खाडी होते. डाव्या काठावर, मेदोकमध्ये, नदीने आणलेल्या गोट्यांची रेताड जमीन आहे. पाणी झटकन निचरतं, दगड तापतात, उशिरा पिकणाऱ्या काबेर्नेला ती ऊब लागते. उजव्या काठावर सँतेमिलियों आणि पोमरॉलकडे चिकणमाती आणि चुनखडी जास्त. जमीन थंड, ओलावा धरून ठेवणारी. तिथे लवकर पिकणारा मेर्लो बरा. म्हणून डाव्या काठाच्या मिश्रणात काबेर्ने पुढे, उजव्या काठाच्या मिश्रणात मेर्लो पुढे. एकूण बोर्दोचा हिशेब केला तर लाल वाणांत निम्म्याहून जास्त क्षेत्र मेर्लोचं आहे, जरी नाव काबेर्नेचं जास्त ऐकू येतं.

आधी विमा, मग चव

इथपर्यंत ऐकून वाटेल की कुणा रसिकाने चव डोळ्यांपुढे ठेवून ही जुळणी शोधली असेल. आमचं म्हणणं वेगळं आहे. ही जुळणी मुळात शेतकऱ्याने हवामानाविरुद्ध केलेली तजवीज आहे. चवीचं शास्त्र तिच्यामागून आलं.

बोर्दो अटलांटिक समुद्राजवळ. तिथे दोन भीती. एप्रिलमध्ये कोंब फुटल्यावर पडणारं दहिवर, आणि सप्टेंबरात तोडणीच्या तोंडावर येणारा पाऊस. मेर्लो आधी फुटतो, म्हणून दहिवरात आधी सापडतो. काबेर्ने उशिरा पिकतो, म्हणून पावसात सापडतो. एकच वाण लावला तर एका वाईट आठवड्यात वर्ष गेलं. दोन्ही लावले तर एक तरी हाताशी राहतो.

हे आपल्या शेतकऱ्याला नवीन आहे का? ज्वारीत तूर टाकतो तो काय म्हणून? पाऊस लवकर गेला तर एक जाईल, दुसरं राहील. कापसात मूग-उडीद घेतो, तेही तसंच. आपण त्याला मिश्रपीक म्हणतो. बोर्दोची बाटली म्हणजे पेल्यात उतरलेलं मिश्रपीक आहे.

पुरावा हवा तर फेब्रुवारी १९५६ चा घ्या. त्या कडाक्याच्या थंडीत बोर्दोतल्या अनेक बागा मेल्या. मालबेकचं क्षेत्र तिथे पुन्हा पूर्वीसारखं झालंच नाही, आणि मिश्रणातलं त्याचं स्थान गेलं. थंडीने बाटलीतली चव बदलली. आता उलट दिशेचं उदाहरण. हवा तापत चालली, मेर्लोत साखर फार चढू लागली, तेव्हा बोर्दोच्या उत्पादकांनी २०१९ मध्ये नवे वाण घ्यायचं ठरवलं आणि २०२१ मध्ये त्याला अधिकृत मान्यता मिळाली. लालमध्ये चार : मार्सलान, तूरिगा नासियोनाल, आरिनार्नोआ आणि कास्ते. तूरिगा तर पोर्तुगालचा. अट अशी की बागेत पाच टक्क्यांहून जास्त नाही आणि मिश्रणात दहा टक्क्यांहून जास्त नाही. जिथे १८५५ सालची प्रतवारी आजही जवळजवळ तशीच मिरवतात, त्या गावाने हे केलं. परंपरा कशाची? ठरावीक द्राक्षांची नव्हे, जोखीम वाटून घेण्याची.

दक्षिणेकडे ऱ्होन नदीच्या खोऱ्यात वेगळं कुटुंब आहे. तिथली हवा उष्ण, वारा कोरडा. मुख्य वाण तीन : ग्रनाश, सिरा, मुर्व्हेद्र. ग्रनाश उन्हात खूष, फळाचा गोडवा आणि अल्कोहोल देतो, पण रंग पातळ. सिरा रंग देतो आणि मिरी देतो. मुर्व्हेद्र देतो सांगाडा आणि कातड्याचा वास. आपल्याला हा वास शोधायला लांब जायला नको. इथून धारावीच्या रस्त्याला चामड्याच्या दुकानांत शिरल्याबरोबर जो येतो, त्याची हलकी आठवण. याच खोऱ्यातल्या शातोनफ-द्यु-पाप या गावच्या नियमांत तर परंपरेने तेरा वाण मोजतात.

सिरा म्हणजेच शिराज. इराणातल्या शिराज शहराशी त्याचं नातं लावणारी कथा खूप फिरते, पण डीएनएने ती मोडली. त्याचे आईबाप दोघेही फ्रान्सचेच, मोंद्यूज ब्लांश आणि द्युरेझा. आता दुसरी वाटी घ्या, काळ्या मिरीची. एक दाणा ठेचून हुंगा. शिराजमध्ये मिरीचा वास येतो असं लोक पूर्वीपासून म्हणत. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याला जबाबदार द्रव्य शोधलं, रोटंडोन. मिरीतही तेच. आणि गंमत अशी की साधारण पाचांतल्या एका माणसाला हा वास येतच नाही. तेव्हा शेजारच्याला मिरी लागली आणि तुम्हाला नाही, तर कुणी खोटं बोलतंय असं समजू नका.

नाशिकचं उलटं घड्याळ

इथून बाहेर पडलं की पूर्व द्रुतगती महामार्ग लागतो, ठाण्यापुढे तो नाशिकच्या वाटेला मिळतो. आपणही आता तिकडे जाऊ.

महाराष्ट्रात आधुनिक वाइनची सुरुवात १९८० च्या दशकात नारायणगावला झाली, तीही फ्रेंच मदतीने आणि फसफसणाऱ्या वाइनपासून. शामराव चौगुले यांची ती कंपनी. नाशिकमध्ये राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, अबकारी करात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क केले. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेली उभी राहिली. शेजारच्या कर्नाटकात नंदी हिल्सजवळ ग्रोव्हर कुटुंबाने बाग केली. त्यांनी बोर्दोच्या पोमरॉलमधले मिशेल रोलां यांचा सल्ला घेतला, आणि त्यांची ‘ला रिझर्व्ह’ ही काबेर्ने-शिराजची जुळणी देशात गाजली.

काबेर्ने आणि शिराज एकत्र? बोर्दोच्या आजच्या नियमात हे बसत नाही. पण एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारीच आपली अशक्त वाइन सुधारायला ऱ्होनच्या एर्मिताजची सिरा तिच्यात मिसळत. त्या कृतीला त्याच नावावरून क्रियापदही पडलं होतं. सुलाची काबेर्ने-शिराज बाटली काय किंवा ग्रोव्हरची काय, या जुन्या सवयीच्या लांबच्या नातेवाईक आहेत.

पण फ्रान्सचे वाण इथे आणले म्हणून फ्रान्सची चव येते का? येत नाही, आणि कारण पंचांगात आहे. बोर्दोत द्राक्ष पिकतं ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे उन्हाळा संपताना, दिवस गार होत जातात तेव्हा. नाशिकला छाटणी दोनदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. वाइनचं द्राक्ष तयार होतं जानेवारी ते मार्च. हिवाळ्यात ‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. तिथपासून मार्चच्या कडक उन्हापर्यंत, म्हणजे गारव्याकडून उष्णतेकडे, आपलं द्राक्ष पिकत जातं. बोर्दोच्या बरोबर उलट.

परिणाम बघा. बोर्दोत उशिरा पिकणाऱ्या वाणाला भीती थंडीची. नाशिकला उशिरा पिकणाऱ्याला भीती उन्हाची. मार्चमध्ये साखर भराभर चढते, आम्ल झपाट्याने उतरतं, आणि सालीतलं टॅनिन मात्र अजून कच्चं असतं. शेतकरी आणि वायनरी यांची ओढाताण तिथे होते. आज तोडावं तर तुरटपणा खरखरीत, आठ दिवस थांबावं तर वाइन जड आणि मिळमिळीत. बोर्दोत गार वर्षी रसात साखर घालून अल्कोहोल वाढवायची जुनी रीत होती. उष्ण प्रदेशात त्याउलट टार्टरिक आम्ल घालून ताजेपणा आणतात. हे टार्टरिक आम्ल म्हणजे चिंचेतलं मुख्य आम्ल. जिभेला अगदी ओळखीचं आहे.

मात्र एक गोष्ट आपल्याकडे आहे जी बोर्दोच्या माणसाकडे नाही. त्याचा वेल हिवाळ्यात झोपतो आणि वसंतात स्वतः जागा होतो. तारीख निसर्ग ठरवतो. आपल्याकडे फळछाटणीची तारीख शेतकरी ठरवतो, आणि तिथून चार-पाच महिन्यांनी तोडणी येते. लवकर छाटलं तर परतीच्या पावसात डावणी येण्याची भीती. उशिरा छाटलं तर मार्चच्या उन्हाची. म्हणून एकाच बागेत तुकड्या-तुकड्याने छाटणी केली तर एकाच वाणाची दोन-तीन रूपं मिळतात. आधी तोडलेल्यात आम्ल आणि मिरी, नंतर तोडलेल्यात रंग आणि भरीवपणा. मिश्रण फक्त वाणांचं असतं असं नाही, तारखांचंही करता येतं. नाशिकच्या लाल वाइनला स्वतःचं रूप यायचं असेल तर ते या मार्गाने येईल असं आम्हाला वाटतं.

वाइनचं द्राक्ष कुणी खात नाही

आता मुद्द्याची गोष्ट. थॉमसन किंवा तास-ए-गणेशच्या शेतकऱ्याला तीन वाटा असतात. माल चांगला निघाला तर निर्यात, मध्यम निघाला तर देशी बाजार, काहीच नाही तर बेदाणा. वाइनच्या द्राक्षाला वाट एकच. मणी बारीक, साल जाड, आत बिया. हातगाडीवर कुणी घेणार नाही, बेदाण्याला चालणार नाही. वायनरीने उचललं तर पैसा, नाही तर शून्य. आणि वेल म्हणजे कोथिंबीर नव्हे, यंदा लावली आणि पुढच्या हंगामात बदलली. लागवड, मांडव, ठिबक यांचा खर्च एकदाच होतो आणि तो वर्षानुवर्षं फेडायचा असतो.

२००१ नंतर उत्साहात लागवडी झाल्या. २००८ नंतर मंदी आली, मागणी घटली, टाक्यांमध्ये माल पडून राहिला. कित्येकांची द्राक्षं उचलली गेली नाहीत. नाशिक भागातल्या अनेक शेतकऱ्यांनी काबेर्ने-शिराजचे वेल उपटले किंवा त्याच खुंटावर पुन्हा खाण्याच्या द्राक्षाचं कलम केलं. त्यात भर हवामानाची. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळी, हे घाव तिथल्या माणसाला पाठ आहेत.

अशा शेतीत गिऱ्हाइकाने ‘प्युअर शिराजच दाखवा’ म्हटलं की काय होतं? वायनरी एकाच वाणाचे करार करते. ज्या वर्षी तो वाण बिघडला त्या वर्षी शेतकरीही अडकतो आणि वायनरीही. गिऱ्हाइकाने मिश्रणाला मान दिला, तर वायनरीला चार वाण, चार तारखा, चार गावं घेता येतात. एकाचं उणं दुसऱ्याने भरून निघतं. गारपीट त्यामुळे थांबणार नाही. पण एका वाणावर सगळा भार येणार नाही. दुकानातल्या फळीपुढे उभं राहून आपण काय मागतो, त्याचा दिंडोरीतल्या मांडवाशी असा संबंध आहे.

घरी करून बघण्यासारखं

शेवटी वाट्यांकडे येऊ. वाइनचा थेंब न घेता जुळणी समजते. तीन पेले घ्या. एकात आमसुलं भिजवलेलं पाणी, मीठ-साखर न घालता. हे आम्ल. दुसऱ्यात कडक कोरा चहा, थंड केलेला. हे टॅनिन. तिसऱ्यात जांभळाचा किंवा काळ्या द्राक्षाचा रस. हे फळ. आधी एकेक चाखा. मग चहात थोडं आमसुलाचं पाणी घाला. तुरटपणा वाढल्यासारखा वाटेल, कारण आम्ल त्याला धार लावतं. आता त्यात रस वाढवत जा. एका ठिकाणी तिन्ही एकमेकांत बसतात आणि कुठलं एक पुढे येत नाही. ते प्रमाण लिहून ठेवा. शेजाऱ्याचं वेगळं येईल, ते साहजिक आहे. बोर्दोतही शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं वेगळंच येतं.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

*एक श्रोता : हलका माल खपवायला ब्लेंड करतात, असं ऐकलं आहे. खरं का?*

होतं तसंही. स्वस्त मसाल्यात काय काय जातं ते आपण जाणतो. पण त्यावरून मसाला करणंच वाईट, असं ठरत नाही. आणि एकाच वाणाची म्हणून बाटली चांगली, असंही नाही. बुर्गुंडीत लाल वाइन जवळजवळ फक्त पिनो न्वारची असते. तिथली हवा आणि जमीन त्या एका वाणाला जमली, म्हणून. प्रश्न नेहमी असा विचारावा : या ठिकाणी हे का करतात?

*एक श्रोत्या : लाल वाइन ‘रूम टेम्परेचर’ला द्यावी म्हणतात. मुंबईत ते कसं जमायचं?*

ती खोली जुन्या फ्रेंच घरातली, दगडी भिंतींची, १६ ते १८ अंशांची. आपली मे महिन्यातली खोली ३२ अंशांची. त्या तापमानात अल्कोहोल नाकात शिरतं आणि बाकी काही कळत नाही. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली बरी. मात्र फार गार केली तर तुरटपणा टोचतो.

*एक श्रोता : बोर्दोचं तरी बरं चाललं आहे का?*

सगळ्यांचं नाही. मोठ्या नावांची घरं सोडली तर तिथल्या साध्या शेतकऱ्याची वाइन खपेनाशी झाली आहे. फ्रान्समध्ये लाल वाइन पिण्याचं प्रमाण घटलं आहे. २०२३ मध्ये सरकारी मदतीने सुमारे साडेनऊ हजार हेक्टर वेल उपटण्याची योजना तिथे आली. तेव्हा मिश्रण हा हवामानाचा विमा आहे, बाजाराचा नाही. हा फरक आपणही लक्षात ठेवावा.

*एक श्रोता : माझे नातेवाईक निफाडला आहेत. त्यांनी वाइनची द्राक्षं लावावीत का?*

लावा किंवा लावू नका, हे इथे बसून सांगणं बरोबर नाही. पण तीन गोष्टी त्यांना विचारायला सांगा. करार किती वर्षांचा आहे आणि भाव कशावर ठरतो, नुसत्या वजनावर की साखर-आम्लाच्या मोजणीवर? माल बिघडला किंवा वायनरीने उचलला नाही तर पुढे काय, हे लेखी आहे का? आणि ती वायनरी एकाच वाणावर उभी आहे की चार वाणांची जुळणी करते? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘जुळणी करते’ असं आलं, तर निदान एवढं कळेल की त्या माणसाने वाईट वर्षाचा विचार आधी करून ठेवला आहे. सगळी जमीन मात्र त्यात घालू नका म्हणावं. थोडं थॉमसन राहू द्या.

वाट्यांतली मिरी आणि लवंग ज्यांना हवी त्यांनी घेऊन जावी.